एक एकर कांदा, दोन खतं आणि ठिपका नसलेला चौकोन

येवला तालुका, रब्बीचा उन्हाळ कांदा, क्षेत्र एक एकर. बारावी सायन्सच्या एका विद्यार्थिनीने गणितातल्या लिनिअर प्रोग्रामिंगच्या (सगळ्या अटी पाळून सर्वांत स्वस्त पर्याय शोधायच्या) प्रॅक्टिकलसाठी घरचंच उदाहरण निवडलं: यंदा खताच्या कुठल्या किती गोण्या आणायच्या? ‘एक कारखानदार दोन प्रकारच्या खुर्च्या बनवतो’ छापाच्या गणितांना मुलं इतकी सरावलेली असतात की वाचायच्या आधीच पट्टी हातात घेतात. म्हणून वर्गात सांगितलं होतं की जिथे ‘इतकं तरी हवंच’ आणि ‘इतक्याच्या वर नको’ असं काही खरोखर चालतं, असं एक उदाहरण शोधून आणा. बाकीच्यांनी वडापाव आणि मोबाइल रिचार्ज आणले. हिने खत आणलं. त्या एका उदाहरणाने पुढे आमचे बरेच तास खाल्ले, म्हणून ते सविस्तर लिहितो आहे.

आधी हाताशी काय होतं ते. कांद्याला हेक्टरी नत्र (नायट्रोजन) १००, स्फुरद (फॉस्फरस) ५० आणि पालाश (पोटॅश) ५० किलो ही शिफारस आपल्याकडे सर्रास वापरली जाते. अडीचने भागलं की एकरी ४०, २० आणि २० किलो. गंधक वेगळं द्यायचं असतं, ते आम्ही गणितात घेतलं नाही. घरात दोन खतं ठरलेली होती: १०:२६:२६ आणि युरिया. १०:२६:२६ ची गोणी ५० किलोची. नावातले तीन आकडे म्हणजे अनुक्रमे नत्र, स्फुरद आणि पालाश यांची टक्केवारी, म्हणजे एका गोणीत ५ किलो नत्र, १३ किलो स्फुरद, १३ किलो पालाश. युरियाची गोणी पूर्वी ५० किलोची होती, आता ४५ किलोची येते. नत्र ४६ टक्के, म्हणजे गोणीत २०.७ किलो. युरियाचा भाव २६६ रुपये ५० पैसे, आणि १०:२६:२६ चा त्यांच्या दुकानदाराने सांगितलेला १,७०० रुपये. घरातून मंजूर झालेली रक्कम ४,००० रुपये.

शिवाय वडिलांची एक अट होती: नत्र एकरी ५० किलोच्या वर जाऊ द्यायचं नाही. कारण चाळ, म्हणजे कांदा साठवून ठेवायची जागा. नत्र जास्त झालं, त्यातही उशिरा पडलं, तर पात माजते, मान जाड राहते, माल पक्व व्हायला लांबतो आणि चाळीत सडायला लागतो. उन्हाळ कांदा करणारा माणूस भाव येईपर्यंत माल धरून ठेवायच्या हिशेबानेच तो करतो, त्यामुळे त्याच्या दृष्टीने नत्राची वरची मर्यादा खालच्या मर्यादेइतकीच खरी. पुस्तकातल्या खत-गणितांत ही वरची अट क्वचितच असते आणि तिच्याशिवाय आकृती अगदी वेगळी दिसते. ते पुढे येईलच.

१०:२६:२६ च्या गोण्या क्ष आणि युरियाच्या गोण्या य धरल्या, तर अटी अशा:

नत्र किमान: ५क्ष + २०.७य ≥ ४०
नत्र कमाल: ५क्ष + २०.७य ≤ ५०
स्फुरद: १३क्ष ≥ २०
पालाश: १३क्ष ≥ २०
पैसे: १,७००क्ष + २६६.५य ≤ ४,०००
आणि अर्थातच क्ष ≥ ०, य ≥ ०

स्फुरद आणि पालाश यांची अट शब्दश: एकच निघाली, कारण दोन्हींची गरज २० आणि दोन्ही गोणीत १३. दोन अटी, पण कागदावर रेषा एक. तिला हे चुकल्यासारखं वाटत होतं, तिने दोनदा ताळा केला. चुकलेलं काही नव्हतं.

चूक होती ती पहिल्या ओळीत. तिच्या वहीत पहिली अट ५क्ष + २०.७य ≤ ४० अशी होती. वडिलांनी सांगितलं होतं, ‘चाळीसपेक्षा कमी नको.’ तिच्या कानाने ‘कमी’ टिपलं, ‘नको’ निसटलं, आणि हाताने ‘पेक्षा लहान’चं चिन्ह काढलं. दरवर्षी वर्गातली निम्मी मुलं हेच करतात. मी त्यांना सांगतो की चिन्ह लिहिण्याआधी एक खरा आकडा घेऊन विचारा: ३० किलो चालेल का? नाही. ६० चालेल? या अटीपुरतं चालेल. मग चिन्ह कुठल्या बाजूला उघडतं हे पाठ करावं लागत नाही.

गंमत अशी की ही चूक तिला आकृतीनेच दाखवली. सगळ्या अटी काढून, छायांकन करून, कोपऱ्यांवरचा खर्च मोजून तिला सर्वांत स्वस्त उत्तर मिळालं: १०:२६:२६ दीड गोणीच्या थोडं वर, युरिया शून्य, खर्च २,६१५ रुपये. बीजगणित चोख होतं. पण युरिया न टाकता कांदा? अख्ख्या एकराला साडेसात-पावणेआठ किलो नत्र? शेतकऱ्याच्या घरातली मुलगी आहे, तिला ते पाहताक्षणी खटकलं. ‘सर, हे कायतरी येडं उत्तर आलंय,’ असं म्हणत ती वही घेऊन आली. तेच गणित खुर्च्या-टेबलांचं असतं तर उत्तराखाली दोन रेघा मारून मोकळी झाली असती.

आता आकृतीकडे. रेषा काढायला मुलं ठरलेल्या मार्गाने जातात: क्ष = ० घेऊन य काढा, य = ० घेऊन क्ष काढा, दोन्ही अक्षांवरचे बिंदू जोडा. दहावीच्या ‘दोन चलांतील रेषीय समीकरणे’पासून ही सवय आहे. नत्राच्या ४० च्या रेषेसाठी हे बिंदू येतात (८, ०) आणि (०, १.९३). ५० च्या रेषेसाठी (१०, ०) आणि (०, २.४२). म्हणून तिने आडव्या अक्षावर दहा गोण्या मावतील असं प्रमाण घेतलं, १ सेमी = १ गोणी, आणि उभ्या अक्षालाही तेच. रेषा बरोबर आल्या. पण ज्या भागात खरा प्रश्न आहे तो क्ष दीड ते सव्वादोन आणि य दीड ते दोन एवढाच. सगळं उत्तर करंगळीच्या नखाएवढ्या जागेत दाटलं, बाकीचा ग्राफ पेपर कोरा. त्या जागेत चार रेषा, त्यांची टोकं आणि पेन्सिलीची जाडी एकमेकांत मिसळून गेली होती.

उपाय म्हणजे १ गोणी = ४ सेमी. पण मग (८, ०) हा बिंदू ३२ सेमीवर, म्हणजे कागदाच्या बाहेर बेंचवर जातो. इथे मुलं अडतात, कारण रेषा म्हणजे अक्षांवरचे दोन बिंदू हे डोक्यात पक्कं झालेलं असतं. रेषेला कुठलेही दोन बिंदू चालतात. क्ष = १ घेतलं तर ४० च्या रेषेवर य = १.६९, आणि क्ष = ३ घेतलं तर य = १.२१. दोन्ही बिंदू कागदावर आरामात बसतात. ५० च्या रेषेसाठी क्ष = १ ला २.१७ आणि क्ष = ३ ला १.६९. या दोन रेषा समांतर असायलाच हव्यात, डाव्या बाजू सारख्याच आहेत. त्या समांतर दिसत नसतील तर मांडणीत चूक आहे, आणि हा ताळा फुकटचा. पैशांच्या रेषेसाठी य = ० ला क्ष = २.३५, य = २ ला क्ष = २.०४. ही रेषा जवळजवळ उभी, कारण १०:२६:२६ ची गोणी युरियाच्या सहापटीहून महाग.

राहिली १३क्ष ≥ २०, म्हणजे क्ष ≥ १.५४. यात य नाही. तिच्या पहिल्या कागदावर या अटीसाठी आडव्या अक्षावर १.५४ ला नुसता एक ठिपका होता, पुढे काय करायचं ते तिला कळत नव्हतं. समीकरणात य नाही याचा अर्थ य काहीही असू शकतो: युरिया शून्य गोण्या घ्या नाहीतर शंभर, स्फुरदाला फरक पडत नाही. म्हणून रेषा त्या ठिपक्यातून सरळ वर. हे वाक्य तिने स्वत:च म्हटलं आणि उभी रेषा काढली.

मग बाजू कुठली? इथे (०, ०) ठेवून पाहायची पद्धत सगळ्यांना ठाऊक असते, ती का चालते हे फार थोड्यांना. एक बिंदू तपासून अख्ख्या अर्ध्या प्रतलाबद्दल बोलायचा हक्क आपल्याला कुणी दिला? समजा कागदावर बोट ठेवून तुम्ही चालायला लागलात आणि प्रत्येक जागी ५क्ष + २०.७य ची किंमत पाहत गेलात. ती किंमत उडी मारत नाही, सावकाश बदलते. ४० च्या खालून वर जायचं तर मध्ये कुठेतरी नेमकं ४० व्हावंच लागेल, आणि नेमकं ४० फक्त रेषेवरच होतं. म्हणजे रेषा न ओलांडता ‘खोटं’चं ‘खरं’ होऊच शकत नाही. एका बाजूचा एक बिंदू खोटा तर त्या बाजूचे सगळे खोटे. आरंभबिंदूवर ० ≥ ४० खोटं, म्हणून आरंभबिंदूची बाजू बाद. कमाल नत्र आणि पैसे यांच्या अटींत आरंभबिंदू खरा, ती बाजू ठेवायची.

छायांकनाबाबत माझं मत ठाम आहे आणि वर्गात त्यावर वादही होतात. पुस्तकं बहुधा हवी ती बाजू रंगवायला सांगतात. अटी दोन असतील तर ठीक. पाच अटींना पाच वेळा हवी ती बाजू रंगवली की सगळीकडे आडव्या-तिरप्या रेघांची जाळी होते आणि ‘जिथे पाचही रेघा आहेत ती जागा’ शोधत बसावं लागतं. उलट नको ती बाजू खोडत जा. शेवटी जो भाग कोरा राहील तो फिजिबल रीजन, म्हणजे सगळ्या अटी पाळणारा भाग. बोर्डाच्या परीक्षेत मात्र उत्तराचा भाग स्पष्ट दाखवायचा असतो, म्हणून खोडाखोडी कच्च्या कागदावर आणि पक्क्या आकृतीत फक्त शेवटचा भाग रंगवायचा, असा आमचा तह झाला.

नव्या कागदावर एक चौकोन उमटला. डावी बाजू स्फुरदाची, अगदी उभी. उजवी बाजू पैशांची, किंचित डावीकडे कललेली. खालची-वरची बाजू नत्राच्या दोन समांतर रेषा, उजवीकडे हलकेच उतरणाऱ्या. कोपरे असे आले: डावीकडे खाली (१.५४, १.५६), डावीकडे वर (१.५४, २.०४), उजवीकडे वर (२.०५, १.९२), उजवीकडे खाली (२.१३, १.४२). नत्राची वरची अट काढून टाकली असती तर वरचं झाकण उडालं असतं आणि पैशांची रेषा वर जिथे डावीकडच्या रेषेला भेटते तिथपर्यंत, म्हणजे पाच गोण्या युरियापर्यंत, सगळं ‘शक्य’ ठरलं असतं. युरिया स्वस्त आहे, पैसा त्याला अडवत नाही. त्याला अडवते ती चाळ. एवढं एक वाक्य त्या आकृतीतून निघालं तरी मेहनत वसूल, असं मला वाटलं.

सर्वांत स्वस्त मिश्रण कुठे? खर्च ३,५०० असलेले सगळे बिंदू एका रेषेवर, ३,३०० असलेले तिला समांतर दुसऱ्या रेषेवर. गुण्या पट्टीला टेकवून पैशांच्या रेषेपासून डावीकडे सरकवत न्यायचा आणि चौकोन सुटायच्या आधी त्याचा कुठला भाग शेवटी शिवला जातो ते पाहायचं. शेवटी शिवला जातो तो कोपरा. इथे डावा-खालचा, आणि तिथला खर्च ३,०३१ रुपये. किलोंत सांगायचं तर १०:२६:२६ सुमारे ७७ किलो आणि युरिया ७० किलो.

हा प्रश्न जगात नवा नाही. अर्थशास्त्रज्ञ जॉर्ज स्टिग्लर यांनी १९४५ साली नेमका हाच प्रश्न माणसाच्या आहाराबद्दल विचारला होता: ७७ खाद्यपदार्थ, नऊ पोषक घटकांची किमान गरज, वर्षाचा सर्वांत कमी खर्च किती? हुशारीने अंदाज करत ते १९३९ च्या भावांनी ३९.९३ डॉलरपर्यंत आले. १९४७ मध्ये जॉर्ज डँट्झिग यांची सिम्प्लेक्स पद्धत आली, आणि तिची चाचणी म्हणून हाच प्रश्न माणसांकरवी हाताने चालवायच्या यंत्रांवर सोडवला गेला. १२० मनुष्यदिवस लागले आणि उत्तर आलं ३९.६९ डॉलर. सिम्प्लेक्स करते तेही एका कोपऱ्यावरून शेजारच्या स्वस्त कोपऱ्यावर जाणं. फरक इतकाच की ७७ अक्षांचा ग्राफ पेपर कुठल्या स्टेशनरीत मिळत नाही, आपल्याकडे दोनच खतं होती म्हणून चित्र काढता आलं.

प्रॅक्टिकल इथे संपायला हरकत नव्हती. पण दुकानदार दीड गोणी देत नाही. अख्खी गोणी घ्यायची म्हणजे क्ष आणि य पूर्णांक, म्हणजे आलेखावर फक्त ठिपके: (१, १), (१, २), (२, १), (२, २) आणि असेच पुढे. तिने ते लाल पेनाने काढले. चौकोनात एकही ठिपका पडला नाही.

नीट पाहा: क्ष = २ ची उभी रेघ चौकोनातून जाते, पण त्या रेघेवर चौकोन १.४५ ला सुरू होऊन १.९३ ला संपतो. १ खाली राहिला, २ वर राहिला. (१, २) मध्ये स्फुरद फक्त १३ किलो. (२, २) मध्ये नत्र ५१.४ किलो, मर्यादेच्या १.४ किलो वर. क्षेत्र आहे, त्याला क्षेत्रफळ आहे, पण विकत घेता येईल असं उत्तर त्यात नाही. पुस्तकातली उदाहरणं अशी रचलेली असतात की कोपरे पूर्णांकावर पडावेत, त्यामुळे हा प्रसंग विद्यार्थ्यावर कधी येतच नाही. अशा वेळी जवळच्या पूर्णांकाला नेऊन टाकायची सवय किती घातक ते इथे उघड दिसतं: स्वस्त कोपरा (१.५४, १.५६) जवळच्या पूर्णांकांना नेला तर (२, २) येतो, आणि तो बाहेर आहे.

मी तिच्या वडिलांना फोन केला. खरं तर नत्राची ५० ची मर्यादा किती कडक आहे एवढंच विचारायचं होतं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, ‘सर, गोणी अख्खी आणावी लागते. टाकावी थोडीच लागते अख्खी?’

बरोबर होतं. आम्ही दोन वेगळ्या गोष्टी एकाच अक्षावर मांडल्या होत्या. ‘पूर्णांक हवा’ ही दुकानाची अट आहे, खरेदीवरची. ‘५० च्या वर नको’ ही रानातली अट आहे, वापरावरची. (२, २) आणायच्या आणि दुसऱ्या युरियाच्या गोणीतला तीन-साडेतीन किलो युरिया बाजूला ठेवायचा, की नत्र ५० च्या आत. खर्च ३,९३३ रुपये, तोही ४,००० च्या आत. खरेदीच्या आलेखातून कमाल नत्राची रेषा पुसली की क्ष = २ च्या रेघेवर य ची मुभा १.४५ पासून २.२५ पर्यंत होते, आणि तिथे एकच ठिपका आहे, तोच.

पण फोन ठेवण्याआधी त्यांनी आणखी एक नियम सांगितला, जो मुलीला तोवर ठाऊक नव्हता: ‘युरियाच्या गोण्या दाणेदारपेक्षा जास्त आणायच्या नाहीत. घरात उरला की रानात पडतोच.’ दाणेदार म्हणजे त्यांच्या बोलण्यात १०:२६:२६. आलेखाच्या भाषेत य ≤ क्ष.

ही एक अट फार उपयोगाची ठरली. तिची रेषा आरंभबिंदूतून जाते. सवयीने (०, ०) ठेवून पाहिलं तर ० ≤ ० खरं, पण तो बिंदू रेषेवरच आहे, तो कुठल्याच बाजूचा साक्षीदार नाही. ती पाच मिनिटं पेन्सिल चावत बसली. मग रेषेवर नसलेला कुठलाही बिंदू घ्या, उदाहरणार्थ (३, १): तीन दाणेदार, एक युरिया. १ ≤ ३ खरं. म्हणून रेषेच्या खालची-उजवीकडची बाजू ठेवायची.

आणि (२, २) नेमका रेषेवर. रेषा सलग काढायची की तुटक, हा प्रश्न मुलांना एरवी मार्कांपुरता वाटतो. नियम ‘जास्त नको’ असेल तर बरोबरी चालते, रेषा सलग, (२, २) टिकतो. नियम ‘कमीच हव्या’ असता तर रेषा तुटक, ठिपका बाद, आणि चार हजारांत खरेदी अशक्य. वडिलांना परत विचारलं. ‘सारख्या चालतील,’ म्हणाले.

या रेषेने आणखी एक गोष्ट केली, जी डोळ्यांना दिसत नाही. जुना स्वस्त कोपरा (१.५४, १.५६) मध्ये युरिया दाणेदारपेक्षा केसभर जास्त आहे, म्हणजे तो आता बाहेर. नवा कोपरा य = क्ष आणि किमान नत्र यांच्या छेदनबिंदूवर: ४० भागिले २५.७, म्हणजे (१.५५६, १.५५६), खर्च सुमारे ३,०६१ रुपये. आता शक्य क्षेत्रात क्ष कधीच १.५५६ च्या खाली जात नाही. मग १.५३८ ची स्फुरद-पालाशाची रेषा काय करते? काहीच नाही. ती क्षेत्राला शिवतसुद्धा नाही. दोन अन्नद्रव्यांची अट एका घरगुती नियमामुळे निरर्थक झाली. पण ४ सेमी = १ गोणी या प्रमाणावर त्या दोघांमधलं अंतर मिलिमीटरहून कमी आहे, आणि कागदावर तिन्ही रेषा एकाच बिंदूतून जाताना दिसतात. कितीही टोकदार पेन्सिल घ्या, हा निकाल आकृती देऊ शकत नाही. समीकरणं सोडवावीच लागतात. आकृतीवरून कोपऱ्यांचे निर्देशक ‘वाचून’ लिहिणाऱ्या मुलांना मी आता हा कागद दाखवतो.

पुढचा भाग तिने स्वत:हून केला. चुलत्यांचा बांधाला बांध लागून दोन एकर कांदा आहे. खत एकत्र आणलं तर? तीन एकरांसाठी उजवीकडचे आकडे तिपटीने वाढतात: नत्र १२० ते १५०, स्फुरद ६०, पैसे १२,०००. रेषा स्वत:ला समांतर राहून बाहेर सरकतात, फक्त य = क्ष जागेवर, कारण तिच्यात आकडाच नाही. आकृती लांबी-रुंदीत तिप्पट होते, क्षेत्रफळात नऊपट. ठिपक्यांमधलं अंतर मात्र तेच. मग ठिपके आत सापडणारच. सापडले दोन: (५, ५) आणि (६, ५), आणि दोन्ही कमाल नत्राच्या अटीसकट. (५, ५) ला नत्र १२८.५, स्फुरद आणि पालाश ६५-६५, खर्च ९,८३२ रुपये ५० पैसे, म्हणजे एकरी सुमारे ३,२७८. एकट्याने आणलं तर ३,९३३. मधला दोन एकरांचा हिशेबही तिने करून पाहिला: एकच ठिपका, (४, ३), एकरी ३,८००. क्षेत्र वाढेल तसा एकरी खर्च त्या न विकत घेता येणाऱ्या ३,०६१ च्या कोपऱ्याकडे झुकत जातो. गटाने खरेदी केली की स्वस्त पडते याचं कारण लोक घाऊक भाव सांगतात. इथे भाव एका पैशाने कमी केलेला नाही. बचत झाली ती गोण्या न तुटण्यातून होणाऱ्या वाया खर्चाची.

दोन्ही घरांनी मिळून पाच आणि पाच गोण्या आणल्या. एका एकराच्या वाट्याला १०:२६:२६ चे ८३ किलो आणि युरिया ७५ किलो. तो वजनकाट्यावर मोजून वाटला की घमेल्याने अंदाजे, हे मी विचारलं नाही. दाणेदार सगळं लागवडीच्या वेळी, युरिया हप्त्याहप्त्याने.

प्रॅक्टिकलच्या तोंडी परीक्षेत तिला विचारलं गेलं की १०:२६:२६ च्या जागी डीएपी घेतलं तर. तिची तयारी होती. डीएपीच्या ५० किलोच्या गोणीत नत्र ९ आणि स्फुरद २३ किलो, पालाश नाही. पालाशासाठी म्युरेट ऑफ पोटॅश हे तिसरं खत येतं, म्हणजे तिसरा अक्ष. पण पोटॅश फक्त पालाशाच्याच अटीत येतं आणि त्या अटीत दुसरं काहीच नाही, म्हणून ते वेगळं सोडवता येतं: ६० टक्क्यांच्या हिशेबाने ३३ किलो. त्याचे पैसे बाजूला काढले की उरलेला आलेख पुन्हा दोन अक्षांचा. तिथे एका एकराला (१, २) हा ठिपका नत्र ५०.४ वर जातो, मर्यादेच्या जेमतेम बाहेर, म्हणजे किलोभर युरिया कमी टाकला की झालं. खर्च पोटॅश सोडून डीएपीच्या १,३५० रुपये भावाने १,८८३ रुपये. य ≤ क्ष चा नियम मात्र हा ठिपका सरळ मोडतो. वडिलांचं म्हणणं, तो नियम दाणेदारपुरता आहे, डीएपीला वेगळा हिशेब. कुठला, ते त्यांनी सांगितलं नाही, कारण त्या आठवड्यात दुकानात डीएपी आलेलंच नव्हतं.